वेगळी कढई

जळगाव, संवत्सरीचा दुसरा दिवस, १९६६

प्रिय चुडामण,

सोबतचं कार्ड छापील आहे. दाणा बाजारातल्या आम्हा सगळ्यांची कार्डं एकाच छापखान्यात निघतात, फक्त खालचं नाव बदलतं. 'गेल्या वर्षभरात जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी.' संवत्सरी झाली की आम्ही जैन लोक अशी क्षमा ओळखीच्या प्रत्येकाची मागतो. शाळेत असताना तू यावरून मला चिडवायचास. गुन्ह्याचं नाव नाही, गाव नाही, ही कसली क्षमा, म्हणायचास. तेव्हा मी तुझ्याशी भांडलो होतो.

धुळ्यात आग्रा रोडला दुसरं दुकान काढलंस, त्याचं निमंत्रण पोचलं. मी आलो नाही. डाळीचा हंगाम होता असं कारण देणार होतो, पण हंगाम केव्हा असतो ते तुला माझ्याइतकंच माहीत. खरं सांगतो, तुझा पाववडा मला आवडत नाही. सगळा खानदेश त्याच्या मागे लागलाय, लागो बापडा. मी बटाटा खात नाही, लसूण खात नाही, तेव्हा मला तो न आवडण्यात नवल ते काय?

मला आवडायचा तो तुझ्या इथल्या स्टेशन रोडच्या गाडीवरचा केळीचा वडा. फैजपूरची कच्ची केळी, आमच्याच दुकानचं बेसन, हिंग, धणे. आणि कानाला पिवळी चिंधी बांधलेली ती छोटी वेगळी कढई, जिच्यात बटाट्याचा वडा कधी पडला नाही. दिवस मावळायच्या आत मी यायचो, कुंदावहिनी दोन वडे तळायच्या, आणि तू कमरेवर हात ठेवून विचारायचास, "बोल, काय कमी?" मी मीठ म्हणायचो, कधी हिंग. तू गिऱ्हाइकांना सांगायचास की सुरेशचंद तोंडावर बोलतो, खोटं बोलत नाही.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. वहिनींना अजून बोलत असशील तर बोलू नकोस. दोन कढया, एक माणूस, समोर गर्दी. अदलाबदल होते. त्यांनी स्वतः कबूल केलं, विषय संपला. आमच्या आईचा रागही केव्हाच गेलाय.

वहिनी बऱ्या आहेत ना?

तुझा
सुरेशचंद

जळगाव, संवत्सरीचा दुसरा दिवस, १९६८

प्रिय चुडामण,

कार्ड जोडलं आहे. मजकूर तोच, शाई यंदा निळी.

चाळीसगाव स्टेशनबाहेर तुझं दुकान झाल्यापासून माझ्या डोक्याला ताप झालाय. चाळीसगावहून येणारा प्रत्येक जण हातात तेलकट कागद घेऊन गाडीतून उतरतो. आमचा निर्मलकुमार तर काम असो-नसो चाळीसगावला जातो. (धाकट्या भावाचं हे व्यसन आईला ठाऊक नाही. कळवू नकोस.) परवा दुकानात आमचं नेहमीचं गिऱ्हाईक गिरधर बेसन न्यायला आला. मी म्हणालो, मला नाही आवडत तो वडा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तापीचं पाणी खारट म्हणालो. आता बाजारात माझी ओळखच ती झाली आहे, चुडामणचा वडा न आवडणारा एकटा माणूस.

नाहीच आवडत. सगळीकडे तोच लाल पाट्यांचा थाट, तोच पाव, वडा केवढा तर चेंडूएवढा. पोट भरतं म्हणे. पोट तर भाकरीनंही भरतं.

गिरधरनं आणखी एक सांगितलं. वहिनी एकाही दुकानात दिसत नाहीत. तूच त्यांना कढईजवळ येऊ देत नाहीस. आचारी ठेवलेत, मिरची-लसूण यंत्रावर वाटला जातो, आणि वहिनी चार नंबरच्या गल्लीत घरी बसून असतात. हे खरं आहे का? चार वर्षं झाली रे. ज्या हातांनी तुझी गाडी नावारूपाला आणली, ते हात एका चुकीपायी बांधून ठेवायचे?

असो. तुझ्या घरातला प्रश्न, मी कोण सांगणार? खाली एक ओळ लिहून खोडली आहे. उजेडाकडे धरून वाचू नकोस.

सुरेशचंद

जळगाव, ४ फेब्रुवारी १९७१

प्रिय चुडामण,

जळगावात दुकान काढलंस आणि तेही आमच्या दुकानासमोर. छान केलंस. आता सकाळी फळी उघडली की तुझी लाल पाटी, रात्री लावली की तुझी लाल पाटी.

बोलवायला तू स्वतः आलास तेव्हा मी पहूरला गेलो होतो, असं तुला दिवाणजीनं सांगितलं. मी पहूरला गेलो नव्हतो. मागे गोदामात तुरीच्या पोत्यांवर बसून होतो. तुझा आवाज ऐकला. जाडा झालाय. "ये म्हणावं त्याला, सात वर्षं झाली," असं म्हणालास. तेवढ्या वेळात मला तीनदा उठावंसं वाटलं. तीनदा बसलो.

उद्घाटन झाल्यावर चौथ्या दिवशी मी तुझा वडा खाल्ला. हो, बटाट्याचा. निर्मलला आणायला लावला आणि गोदामातच खाल्ला. तोंडावर सांगणारा मित्र तुला हवा असायचा, म्हणून सांगतो. वडा मुळीच आवडला नाही. लसूण कच्चा लागतो. पूर्वी तो तेलावर परतून मग घातलेला असायचा, म्हणून गोडसर लागायचा आणि मागून मिरची यायची. पाट्यावरची मिरची दाताखाली सापडायची, आता नुसता लगदा असतो. बेसनाचं आवरण जाड. लोक खातात कारण गरम असतो आणि कुठेही मिळतो. पण हा वडा तुमचा नाही. वहिनींचा हात त्यात नाही, हे आंधळ्यालाही कळेल.

रागावू नकोस.

सुरेशचंद

जळगाव, १५ फेब्रुवारी १९७१

प्रिय चुडामण,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांत तुझ्या हातचं पहिलं, आणि त्यात एकच ओळ. 'सुरेश, पूर्वीचा बटाट्याचा वडा तू कधी खाल्लास?'

मी कुठे खाल्ला? निर्मल सांगतो, गिरधर सांगतो, त्यांच्या बोलण्यावरून लिहिलं. लोक चवीबद्दल बोलतात, ते कानावर पडतं. एवढ्याशा गोष्टीवर कार्ड कशाला खर्च केलंस?

घाईत आहे.

सुरेशचंद

जळगाव, संवत्सरीचा दुसरा दिवस, १९७१

प्रिय चुडामण,

यंदा छापील कार्ड नाही. यंदा नाव-गाव घालून क्षमा मागायची आहे. हे पत्र एकटा वाचू नकोस. वहिनींना समोर बसव आणि मोठ्यानं वाच. त्यांना वाचता येत नाही, आणि हे त्यांच्यासमोर तुझ्याच तोंडून निघायला हवं. कितीही जड गेलं तरी मधे थांबू नकोस.

फेब्रुवारीत तू विचारलंस आणि मी खोटं लिहिलं. खाई त्याला खवखवे. मला सात वर्षं खवखवतंय.

सन चौसष्टचा चातुर्मास. श्रावण नुकताच लागला होता. मी नेहमीसारखा दिवस असताना तुझ्या गाडीवर आलो. तू पाव आणायला गेला होतास. वहिनी एकट्या होत्या, मोठ्या कढईत बटाट्याचे वडे सोडत होत्या. पाच वर्षं मी त्या वासाशेजारी उभं राहून केळीचा वडा खाल्ला होता. त्या दिवशी काय झालं मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, वहिनी, आज त्यातला एक द्या.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी हात पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, यामा लसूण शे. तुमले चालस नही."

मी म्हणालो, एकच, कुणाला कळतंय. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. मी झाऱ्यातला उचलून घेतला. एक नाही, दोन खाल्ले. चुडामण, तसा पदार्थ मी जन्मात खाल्ला नव्हता. मला तुझा वडा आवडत नाही, असं मी सगळ्या बाजारात सांगत फिरलो, आणि खरं तर त्या दोन वड्यांइतकं मला आयुष्यात काही आवडलेलं नाही.

घरी गेलो. आईला लसणाचा वास आला. तुला आमची आई ठाऊक आहे. लाडकुंवरबाईंच्या नाकापुढे काही लपत नाही. तिनं मला ओट्यावरच उभं केलं आणि विचारलं. महिन्याभरावर पर्युषण होतं, मी चातुर्मासाचा नेम घेतलेला, जैन स्थानकात माझं नाव. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी दुसरं वाक्य बोललो. म्हणालो, मी तर केळीचाच वडा खाल्ला, कुंदावहिनींच्या हातून कढई बदलली असेल.

बदलली असेल. एवढंच म्हणालो. 'असेल' म्हटलं की खोटं थोडं कमी होतं, असं मला वाटलं होतं.

पुढचं तू पाहिलंस. दुसऱ्या दिवशी आई शेजारच्या दोघींना घेऊन गाडीवर आली, मी मागे उभा. भर रस्त्यात तिनं वहिनींना विचारलं, विश्वासानं खाणाऱ्यांचा धर्म बुडवतेस का. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तुझ्या गाडीखाली केळीची सालं पडली होती, ती मला अजून दिसतात. मग त्यांनी चूक स्वतःवर घेतली, म्हणाल्या, "चूक मनी शे, माय. मना हातथून व्हयनी."

आणि तू सगळ्यांसमोर त्यांच्या हातातला झारा हिसकावलास. दोन कढया सांभाळता येत नाहीत, म्हणालास, आता आगीजवळ यायचं नाही. तुझंही चुकलं नाही. वेगळी कढई हाच तुझा शब्द होता आणि तो तुझ्या बायकोनं मोडला, असं तुला वाटलं. आठवडाभरात आमच्यातलं एकही माणूस गाडीवर फिरकेना. स्थानकात लोकांनी मला विचारलं, मी मान डोलावली. महिन्यात तुम्ही धुळ्याला गेलात. मी स्टेशनपर्यंतही आलो नाही.

आता गेल्या महिन्यातलं ऐक. हे वहिनींनी तुला सांगितलं नसणार, कारण मीच सांगू नका म्हणालो होतो. मी बाजाराच्या कामानं धुळ्याला आलो होतो. तू चाळीसगावला असतोस तो वार पाहूनच आलो, हेही लिहून टाकतो. चार नंबरच्या गल्लीत तुझ्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. काही न विचारता आत गेल्या आणि ती कढई घेऊन आल्या. तीच, पिवळ्या चिंधीची. चिंधी नवी होती. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या कढईत कांदा-लसूण पडू दिलेला नाही. मी विचारलं, ही अजून कशाला ठेवली. त्या म्हणाल्या, "तुमी येशात तव्हय लागी, म्हनीसन ठेयेल शे."

मी येईन तेव्हा लागेल म्हणून. चुडामण, मी येणार होतो का? मी तर पोत्यांवर बसणारा माणूस.

त्यांनी केळीचे वडे तळले. मग मी विचारलं, त्या दिवशी खरं का नाही सांगितलंत? त्यांनी झाऱ्यानं तेलातला चुरा काढला. म्हणाल्या, "तुमनी माय उभी व्हती. मायना मोरे आंडोर खोटा पडना, ते तो कथा जाई?"

आईसमोर मुलगा खोटा पडला तर तो जाईल कुठे? मला जागा राहावी म्हणून त्या स्वतःच्या चुलीवरून उठल्या. आणि मी त्या जागेवर सात वर्षं आरामात बसलो, वर छापील कार्डं पाठवली, वर तुलाच उपदेश केला की बायकोला एवढी शिक्षा देऊ नकोस. ते पत्र आठवलं की माझीच मला किळस येते.

काल प्रतिक्रमण झालं. सगळे एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत क्षमा मागू लागले तेव्हा मी उभा राहिलो आणि हे सगळं, जसं इथे लिहिलं तसं, मोठ्यानं सांगितलं. दोन बटाट्याचे वडे, हे सांगताना मागे कुणी तरी हसलं. कढई बदलली नव्हती, हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. आई बायकांच्या बाजूला बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

आज सकाळी ती मला म्हणाली, "मी माझ्या पायांनी तिला बोलायला गेले होते. धुळ्याची गाडी किती वाजता असते?" मी म्हणालो, मी जाऊन पाया पडतो, तुला एस.टी. झेपायची नाही. ती म्हणाली, तुझं तू बघ, माझं मी फेडीन.

येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय. तू माझ्याशी बोलू नकोस, घरात घेऊ नकोस, मी ओट्याखाली उभा राहीन. आईला मात्र आत घे. आणि एक मागतो. तो झारा तू हिसकावलास खरा, पण काढून घेतला होता मी. तो वहिनींना परत दे.

तुझा म्हणायचा हक्क उरला नाही, म्हणून नुसता
सुरेशचंद

जळगाव, २३ जानेवारी १९७२

प्रिय चुडामण,

पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस. रविवारी आम्ही आलो तेव्हाही माझ्याकडे न पाहता आईचा हात धरून तिला आत नेलंस. आत काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आईनंही नाही. मी ओट्याखाली उभा होतो. दोन तासांनी आई बाहेर आली, तिचे डोळे सुजलेले, आणि पदराला बेसन लागलेलं. आत दोघी चुलीपाशी बसल्या होत्या, एवढं मी समजलो.

त्यानंतरही तू बोलला नाहीस. ते बरोबर आहे. मी सात वर्षं घेतली, तू पाच महिन्यांत विसरावंस असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. बाजारातही लोक आता माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. गिरधरनं बेसन दुसरीकडून न्यायला सुरुवात केली आहे. हे पत्र कालच्याबद्दल आहे.

काल सकाळी फळी उघडली आणि तुझ्या लाल पाटीखाली खडूनं लिहिलेलं दिसलं, 'केळीचा वडा. कढई वेगळी.' आत वहिनी बसल्या होत्या. हातात झारा, समोर पिवळ्या चिंधीची कढई. तू मागे गल्ल्यावर होतास, मान खाली घालून. तासाभरात रस्ता भरला. आमची माणसं लांब उभी होती, कुणी पुढे जाईना. मग आई निघाली. निर्मलचा खांदा धरून रस्ता ओलांडून गेली आणि सगळ्यांच्या आधी तिनं पदर पसरला. वहिनींनी तिला पानावर दोन वडे दिले. तिनं तिथेच उभ्यानं खाल्ले. दात नाहीत, वेळ लागला. मग बाकीचे पुढे सरकले.

मी सगळ्यांच्या शेवटी गेलो. गर्दी होती, आई बाजूला बाकड्यावर बसलेली. वहिनींनी वर पाहिलं, झारा हातात तसाच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊ, केळीना का बटाटाना?"

दुकान हसलं. मी हसलो नाही. चौसष्टपासून मला कुणी हा प्रश्न असा उघड विचारलेला नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, आवडतो बटाट्याचा, पण चालतो केळीचा. केळीचा द्या."

आईनं ऐकलं. पदरानं चेहरा पुसला.

तू गल्ल्यावरून उठून माझ्याजवळ आलास. मला वाटलं आता घालवून देशील, आणि दिलं असतंस तर मी गेलो असतो. तू कमरेवर हात ठेवलेस. बोलला नाहीस, पण उभा राहिलास तसाच, मी खाऊन होईपर्यंत. काय विचारायला उभा आहेस ते मला कळत होतं, आणि उत्तर द्यायचा धीर झाला नाही. पान टाकलं आणि दुकानात परत आलो. काल दिवसभर त्याचीच टोचणी होती.

म्हणून लिहितो आणि निर्मलच्या हाती समोर पाठवतो. मीठ किंचित कमी होतं.

वहिनींना सांगू नकोस. आज दिवस मावळायच्या आत मी स्वतः येतो आणि तोंडावर सांगतो.

सुरेश